बैलापुढचा कबुलीजबाब

मड्डमबाईंना मराठी शिकवायला मला पाठवलं होतं, माझ्या चुलत बहिणीला नव्हे. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे घरातल्या सगळ्यांना त्याचा विसर पडला.

माझे वडील अमरावतीला वकिली करत. साहेब त्यांचे अशील होते. साहेब म्हणजे इंग्रज नव्हेत, स्विस. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत यंत्रं बसवून द्यायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. राहायला अमरावतीच्या कॅम्पात, कामं बहुतेक अकोल्याकडे. लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्यासारख्या परक्या मुलखातल्या माणसाला पोलीस सुपरिंटेंडेंटच्या कचेरीत नाव नोंदवून राहण्याचा परवाना घ्यावा लागे. परवान्याला मुदत असे. मुदत संपत आली की अर्ज करायचा आणि डेप्युटी कमिशनरच्या मर्जीची वाट पाहायची. हे अर्ज बाबा लिहीत आणि मी टाइप करत असे. नागपूरला मिशनच्या शाळेत बोर्डिंगमध्ये दहा वर्षं काढून मी घरी परत आले होते. मला इंग्रजी लिहिता येत होतं, टाइप करता येत होतं, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागे सरत होते.

साहेबांच्या पत्नीला, मड्डमबाईंना, मराठी शिकायची होती. बाबांनी माझं नाव सुचवलं. तरुण मुलीने परक्या बंगल्यावर एकटं जाणं बरं दिसत नाही म्हणून आईने सोबत चुलत बहिणीला दिलं. काका मूर्तिजापूरजवळ शेती पाहत. ती तिथेच वाढलेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मराठी सातवी झालेली आणि आता स्थळ पाहायचं म्हणून आमच्याकडे ठेवलेली. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं की मी शिकवत असताना तू व्हरांड्यात बसायचं.

पहिले दोन दिवस ती बसली. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात मड्डमबाईंच्या टेबलावर चढून बसली होती आणि मटार सोलत होती.

मड्डमबाईंचं इंग्रजीही मोडकंच होतं. त्यांची भाषा जर्मन. त्यामुळे मी शाळेत घोटून घेतलेल्या सुंदर इंग्रजीचा त्यांना धाकच वाटे, हे मला उशिरा कळलं. मी गेले की त्या हात पुसत दिवाणखान्यात येत. मला खुर्ची, कपात चहा, बशीत दोन बिस्किटं. मी वही उघडे. 'मला पाणी हवे आहे. आम्हाला घरी जायचे आहे.' त्या नीट म्हणून दाखवत. तास संपला की स्वयंपाकघरात जात, आणि तिथून दोघींच्या हसण्याचे आवाज येत.

"मड्डमबाई, तुमी कायले एवढं लोनी टाकून राह्यल्या?"

"मले आवडते," मड्डमबाई म्हणत.

'मले' मी शिकवलं नव्हतं. मी बाहेर बसून बिस्किट संपवत असे. मी पाहुणी होते आणि ती घरची झाली होती, एवढाच फरक. पण तो रोज तासभर समोर दिसत असे. एकदा त्यांनी तिला निळ्या छापाच्या कापडाचं पोलकं स्वतःच्या मशिनवर शिवून दिलं. मला माझ्या वाढदिवसाला रुमालांची पेटी मिळाली, वर रिबीन बांधलेली. रुमाल फार चांगले होते. मी ते कधी वापरले नाहीत.

मड्डमबाईंनी आम्हाला एक कपाट दाखवलं होतं. सागवानी, मोठं, आरसा लावलेलं. लग्नानंतर नऊ गावं झाली, त्या म्हणाल्या, प्रत्येक ठिकाणी भाड्याचं सामान. हे पहिलं स्वतःचं. साहेबांनी वचन दिलं होतं की आता हलायचं नाही. स्वित्झर्लंडला त्यांचं कोणी उरलं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी दोघींना मिळून सांगितली, पण हात बहिणीच्या खांद्यावर होता.

आषाढात साहेबांच्या हातून तो अपघात झाला.

अकोल्याच्या एका कारखान्यातलं मोठं काम त्या दिवशी पुरं झालं होतं. दुपारी तिथल्या बंगल्यावर जेवण झालं, पिणं झालं. यजमानांनी साहेबांना मुक्काम करा म्हटलं. पण परवान्याच्या नियमाप्रमाणे बाहेरगावी रात्र काढायची तर आधी पोलिसांत वर्दी द्यावी लागे आणि साहेबांनी ती दिली नव्हती. नियम मोडायला नको म्हणून ते तसेच मोटार घेऊन निघाले. बाबा पुढे कित्येकदा म्हणत, हा माणूस परवाना सांभाळायला गेला आणि परवान्यावरच येऊन आदळला.

दिवेलागणीला, बडनेरा जवळ आलेलं असताना, त्यांनी एका माळ्याच्या बैलगाडीला मागून धडक दिली. माळी बाजारातून भाजी विकून परत चालला होता. गाडीला कंदील नव्हता. त्याला स्वतःला खरचटलं, पण डावीकडच्या बैलाचा खांदा फाटला. साहेबांनी गुरांचा डॉक्टर पाठवला, औषधपाण्याचं पाहिलं. पण तोवर शिपाई येऊन गेला होता आणि त्याने तोंडाला दारूचा वास येत होता असं लिहून नेलं होतं.

बाबांनी त्यांना आमच्या ऑफिसात बसवून सगळं समजावलं. मी कोपऱ्यात टाइपरायटरपाशी होते.

"खटल्याचं मला काही वाटत नाही," बाबा इंग्रजीत म्हणाले. "डॉक्टरने तुम्हाला तपासलेलं नाही. वास आला हे एका शिपायाचं म्हणणं. गाडीला दिवा नव्हता हे सगळ्यांचं. फार तर दंड होईल. पण तुमचा परवाना भाद्रपदात संपतो. तो देणारा अधिकारी दारूच्या बाबतीत कडक आहे, आणि इथे दारूबंदीचं वारं आहे. त्याने एवढंच ठरवायचं की असा परका माणूस जिल्ह्यात ठेवावा का. म्हणून परवाना हातात पडेपर्यंत त्या संध्याकाळबद्दल तुम्ही कोणाशी, कुठेही, एक अक्षर बोलायचं नाही."

"कोणाशी, कुठेही," साहेबांनी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं.

हे सगळं मी ऐकलं होतं. बहीण तेव्हा आईजवळ भाकरी थापत होती.

त्या माळ्याची बायको कॅम्पातल्या बंगल्यांवर टोपलीतून भाजी आणत असे. साहेबांच्या बंगल्यावर येणं तिने बंद केलं होतं, पण फाटकासमोरून ती जाई. बहिणीने तिला गाठलं. पोळ्याच्या दोन दिवस आधी मी दिवाणखान्यात वही उघडून बसले असताना बहीण आत मड्डमबाईंना हातवारे करून ते सांगत होती.

"ते माळीन म्हने, औषीद पाठवलं ते ठीक. पर साहेब मोटारीतून उतरला आन माह्या मालकाले इचारलं, तुले लागलं काय. बैलाले कोनी इचारलं? तो त मुका हाये. आता उद्या खांदशेकनी हाये. साहेबानं यावं, त्याच्या खांद्याले हळद लावावी, चुकलं म्हनावं. मंग आमचं काही म्हननं नाही."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकतात, हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू ओढलं, चाबूक खाल्ला, त्याची ती माफी असते. मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मड्डमबाईंना यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी मला इंग्रजीत एवढंच सांगितलं की आज शिकायचं नाही, दुसरं काम आहे. माझी वही मात्र त्यांनी ठेवून घेतली.

मला कोणी विचारलं नाही. घरी येताना वाटेत बहीण म्हणाली, "ताई, तुले यावं लागंन बरं. मोठी आई मले एकटीले जाऊ देनार नाही."

पूर्वी तिला माझ्या सोबतीला देत. आता मी तिच्या सोबतीला.

"बाबांना विचारलंस?" मी म्हटलं.

"मोठेबाबा त अकोल्याले गेले न, परवा येतीन. आन त्याईले काय इचाराचं? देवाधर्माचं काम हाये."

तिथेच मी तिला थांबवून सांगायला हवं होतं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "बघ बाई, तुझं तू." आणि रस्ता ओलांडला.

मोटार अजून पोलिसांकडे होती. आम्ही दमणीतून, छोट्या बैलगाडीतून, गेलो. पुढे साहेब गाडीवानाशेजारी पाय दुमडून, मागे आम्ही तिघी. मड्डमबाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. वाटेत बहिणीने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दोघी हसल्या. माझ्या मांडीवर हळदीची वाटी होती, सांडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

माळ्याचं अंगण सारवलेलं होतं. बैल आधीच न्हालेले. डावीकडच्याच्या खांद्यावर वळ राहिला होता, केस न उगवलेला, गुलाबी. माळी हात जोडून पुढे आला. आणि बाजेवर, बिडी ओढत, गावचे पोलीस पाटील बसलेले होते. त्यांच्या घरची खांदशेकणी आटोपली होती आणि माळ्याकडे साहेब येणार हे गावाला कळलं होतं. मी त्यांना पाहिलं आणि ओळखलं. आमच्या ऑफिसात ते साक्षीला येत.

साहेबांनीही त्यांच्या पोलिसी पट्ट्याकडे पाहिलं. ते थांबले आणि मड्डमबाईंच्या कानाशी जर्मनमध्ये काही बोलले. मड्डमबाई माझ्याकडे वळल्या.

"ते म्हणतात वकीलसाहेबांनी बोलू नका सांगितलं आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझ्या वडिलांना हे माहीत आहे ना? आम्ही इथे आलो आहोत हे?"

इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही खरोखरीचं विचारलं होतं. त्यांचा डावा हात तेव्हाही बहिणीच्या हातात होता. मी त्या हाताकडे पाहत होते.

"हो," मी म्हटलं. "त्यांना माहीत आहे."

मला काय होईल ते ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. नेमकं नव्हतं, पण पुरेसं होतं. मला वाटलं, हिने आखलेलं हे सगळं एकदा बिघडू दे. एकदा मड्डमबाईंना दिसू दे की हिला कळत नाही, मला कळतं. पुढचं मी पाहिलं नाही.

मड्डमबाईंनी पळसाच्या पानाने बैलाचा खांदा शेकला. बहीण त्यांचा हात धरून दाखवत होती. "हळू. तिथं नाही, तिथं दुखते त्याले." मग माझ्या हातातली वाटी घेतली गेली. साहेबांनी टोपी काढली, हळद बोटांवर घेतली आणि बैलाच्या वळाला लावली. बैल अंग काढून घेईल असं सगळ्यांना वाटलं, पण तो उभा राहिला. आणि साहेब मराठीत बोलले. मड्डमबाईंनी माझ्या वहीतून शब्द जुळवून त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

"मी दारू प्यालो होतो. मी मोटार जोरात आणली. तुझा दोष नाही. माझी चूक आहे. मला क्षमा कर."

एकही चूक नव्हती. माझ्या शिकवण्याला आलेलं तेवढंच फळ.

माळीण डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "झालं बापा. झालं." माळ्याने बैलाच्या कानाशी तोंड नेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि मग साहेबांकडे वळून तेच त्यांनाही म्हटलं. अंगणात हशा पिकला.

पोलीस पाटील हसले नाहीत. त्यांनी बिडी विझवली.

"साहेब दारू म्हनले ना?" त्यांनी माळ्याला विचारलं.

"जाऊ द्या ना पाटील. बैलाले म्हनले ते, तुमाले थोडंच म्हनले."

"मी इथं बसलो हावो न. सनाचा दिवस हाये, मले समजते. पर मायासमोर बोलले त मले लिवा लागते. उद्या कोनी म्हनलं पाटील बसला होता आन काऊन नाही लिवलं, त माही पाटीलकी जाईन."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, काय म्हनतात हे? काय लिवतात?"

मी म्हटलं, घरी चल.

बाबा अकोल्याहून आले त्याच दिवशी त्यांना कळलं. ते मोठ्याने बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत. साहेब आणि मड्डमबाई ऑफिसात बसले होते, मी टाइपरायटरपाशी.

"कोर्टात हा कबुलीजबाब मी पहिल्या तारखेलाच उडवून लावीन," बाबा म्हणाले. "पोलीस पाटलासमोर दिलेला म्हणून. पण परवाना हे कोर्ट नाही. तिथे मला उलटतपासणी घेता येत नाही, हरकत घेता येत नाही. ते फक्त कागद वाचतात." मग ते मड्डमबाईंकडे वळले. "जाण्याआधी तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

माझी बोटं किल्ल्यांवर होती. मड्डमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"कोणाला नाही," त्या म्हणाल्या. "माझीच कल्पना होती."

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. एवढी मोठी गोष्ट त्यांनी माझ्यासाठी केली, आणि तीही रुमालांच्या पेटीसारखी, मला काही म्हणायला जागा न ठेवता.

खटल्यात बाबा म्हणाले तसंच झालं. मॅजिस्ट्रेटने साहेबांना किरकोळ दंड केला आणि माळ्याला कंदील नसल्याबद्दल ताकीद दिली. परवान्याचं उत्तर आठ दिवसांनी आलं. टाइप केलेल्या चार ओळी होत्या. अर्जदाराचं वर्तन पाहता मुदत वाढवणं इष्ट वाटत नाही, पंधरा दिवसांत वऱ्हाड-मध्यप्रांत सोडावा. बाबांनी नागपूरला फेरविचाराचा अर्ज केला. तो मी टाइप केला. आयुष्यात इतक्या काळजीने मी काही टाइप केलं नव्हतं. त्याचं उत्तर आलंच नाही.

बहीण रोज बंगल्यावर जाऊन सामान बांधू लागत होती. संध्याकाळी ती घरी यायची, न जेवता झोपायची. "मी त चांगलंच कराले गेली होती," एवढंच म्हणायची. आई तिला जवळ घ्यायची. सगळे तिची समजूत घालत. तिच्या दुःखाचाही मला हेवा वाटला, हे लिहायला नको वाटतं पण ते खरं आहे. तिला मोकळेपणाने रडता येत होतं.

कपाट मुंबईला नेता येण्यासारखं नव्हतं. ते कॅम्पातल्याच दुसऱ्या बंगल्यावर गेलं. बडनेरा स्टेशनवर मड्डमबाईंनी बहिणीला मिठी मारली, प्लॅटफॉर्मवर, सगळ्यांसमोर. मला हात दिला. मी तो धरला आणि इंग्रजीत प्रवास सुखाचा होवो म्हटलं.

आश्विनात मुंबईहून पत्र आलं, बहिणीच्या नावाने. इंग्रजीत. अर्थात वाचायला ते माझ्याकडेच आलं. आगबोटीत जागा मिळत नव्हती, लढाईमुळे कोणाला कळत नव्हतं कधी मिळेल. एका खोलीत राहत होते. दर आठवड्याला पोलिसांत हजेरी होती. मी वाचून मराठीत सांगितलं. बहिणीने उत्तर सांगितलं. ती पुष्कळ बोलली, माळ्याचं, भाजीचं, निळ्या पोलक्याची बाही उसवली होती ती कशी शिवली त्याचं. मी सहा ओळी लिहिल्या.

"मी एवढं बोलली, आन एवढंच?"

"इंग्रजीत कमी लागतं," मी म्हटलं. तिने विश्वास ठेवला.

अशी दोन पत्रं गेली. तिसरं आलं ते दिवाळीनंतर. आगबोट मिळाली होती. पोर्तुगालपर्यंत जाणार होती, पुढचं तिथे पाहायचं. बहीण माझ्या शेजारी बसून प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होती. मी वाचून पुढे गेले की तिचं बोट एक ओळ खाली यायचं. शेवटाकडे मी थांबले, मग सहीपाशी गेले.

"हे ओळ रायली," ती म्हणाली.

"त्यात काही नाही. नमस्कार आहे."

"नमस्कार एवढा लांब?" तिने बोट काढलं नाही. "वाच ना, ताई."

मी वाचलं. मग मराठीत सांगितलं. मड्डमबाईंनी लिहिलं होतं: तुझ्या बहिणीला सांग की मी तिच्या वडिलांना काही सांगितलेलं नाही, तिने घाबरू नये.

"कायचं घाबरू नये?"

मग मी तिला अंगणातलं सांगितलं. त्यांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. काऊन, असं तिने विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं, निदान तेव्हा तरी. तिने विचारलं नाही. तिने पत्राची घडी घातली, माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि आत गेली.

बाबांना तिनेही सांगितलं नाही. माझ्याशी ती बोलत राहिली, मीठ दे, दार लाव, असं. पण त्यानंतरची पत्रं ती शेजारच्या पेन्शनीतल्या मास्तरांकडे नेऊ लागली. मास्तरांच्या ओसरीवर दोघं बसत, ते चष्मा लावून एकेक शब्द सावकाश सांगत आणि ती मोठ्याने उत्तर सांगे, दोन-दोन पानं. परक्या देशाची तिकिटं असलेली पाकिटं टपालवाला आमच्याच दारात देत असे. मी ती घेऊन तिच्या उशाशी ठेवत असे. आत काय होतं ते मला कळलं नाही.